आढीतला कॉम्प्युटर

माझे बाबा बोटीवर होते, म्हणजे मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये. वर्षातला बराचसा काळ ते कुठल्या तरी समुद्रात असायचे आणि उरलेला रत्नागिरीत, आमच्या घरात, लुंगी लावून. अशाच एका सुट्टीत त्यांनी मुंबईहून कॉम्प्युटर आणला. "पोरीच्या अभ्यासाला," असं शेजाऱ्यांना सांगितलं आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्यावर गाड्यांची शर्यत खेळायला बसलो. स्क्रीनचे दोन भाग व्हायचे. वर त्यांची गाडी, खाली माझी. कीबोर्ड एकच, उजवीकडचे बाण त्यांचे, डावीकडची अक्षरं माझी.

त्या सुट्टीतली शेवटची शर्यत मी जिंकले. जिंकले कसली! शेवटच्या वळणावर त्यांनी बाणावरचं बोट हळूच उचललं, ते मी तिरक्या नजरेने पाहिलं होतं. लेक खूश राहावी म्हणून बाप हरला. मुद्दाम हरणाऱ्या मोठ्या माणसांची मला भयंकर चीड होती. ते बोटीवर गेले आणि मी वर्षभर सराव केला. फोनवर ते विचारायचे, "काय गो, अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायची, "या तुम्ही, मग दाखवते." त्यांना खरंखुरं हरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या वर्षी ते आले ते ऐन आंब्याच्या दिवसांत. आईला अस्मान ठेंगणं झालं, कारण कित्येक वर्षं त्यांची सुट्टी नेमकी आंबा संपल्यावर यायची. पण त्या साली मोहोर उशिरा आला होता. परसातला हापूस नुकताच उतरवून माळ्यावर आढीत घातलेला, म्हणजे गवतात पिकायला ठेवलेला. त्यातच मुंबईच्या एजंटचा फोन आला, की बोट लवकर सुटतेय, आठवड्यात निघा. आईचं तोंड उतरलं. माझंही उतरलं. मी बाबांना ओढतच कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पहिल्या दिवशी गाड्या भन्नाट पळाल्या आणि एकेक शर्यत दोघांनी मारली. दुसऱ्या दिवशी मात्र थोडा वेळ बरा गेला आणि मग दोन्ही गाड्या एकदम रखडायला लागल्या. बाण दाबला की गाडी विचार करून वळायची. सीपीयूचा पंखा घरघरत होता. बाबा म्हणाले, "घाट लागला वाटतं." मला हसू आलं नाही.

मग मी कामाला लागले. व्हायरस शोधला. नको ती गाणी, नको ते फोटो पुसले. डिस्क नीट लावायचा जो प्रोग्राम लोक रात्रभर चालवतात, तो भर दिवसा चालवून बघितला. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं होतं, तशी सीपीयूची पत्र्याची पेटी उघडून रॅमची पट्टी खोडरबराने घासली. दर वेळी पेटी पुढे ओढायची म्हटली की आई धावत यायची. "थांब गो, मागं कचरा हाय, आधी झाडून देते." मला वाटायचं, किती ही टापटीप! झाडून झालं की आम्ही पेटी बाहेर काढायचो, परत लावायचो, गेम सुरू करायचो, आणि थोड्या वेळात गाड्या परत घाटात.

शेवटी पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षाने दुकानात गेले. दुकानदाराने चालू केली, गेम लावला, चहा मागवला, चहा संपला तरी गाडी वाऱ्यासारखी पळतच होती. "काय झालंय याला? काहीच नाय," तो म्हणाला. घरी आणली, जोडली आणि जेवून खेळायला बसलो, तर पुन्हा रडगाणं. मी टेबलावर हात आपटला. दुकानात धडधाकट आणि घरी आजारी! हे तर शाळा बुडवणाऱ्या पोरासारखं झालं.

बाबा मात्र नाक वर करून बसले होते. म्हणाले, "तुला वास येतो काय?"

"कसला? जळल्याचा?"

"आंब्याचा."

मी टेबलाखाली शिरले. वायरी दिसू नयेत म्हणून आईने तिथे जुन्या साडीचा पडदा लावला होता. तो बाजूला केला आणि बघतच राहिले. सीपीयूच्या पाठीला अगदी चिकटून एक टोपली. टोपलीत गवत, गवतात निवडक हापूस आणि वरून गोणपाट लपेटलेलं. ते गोणपाट पेटीच्या मागच्या जाळीवर असं बसवलेलं, की आतली गरम हवा टोपलीशिवाय कुठे जाऊ नये. पेटी बिचारी आपलीच वाफ परत पोटात घेत होती आणि तापून रखडत होती.

"आई!" मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकला.

आई पदराला हात पुसत दारात आली. आमचं मांजर रोज त्या पेटीमागे जाऊन झोपायचं, त्यावरून तिला कळलं होतं की तिथे ऊब असते. आम्ही पेटी ओढणार म्हटलं की झाडायच्या निमित्ताने टोपली उचलायची आणि आमची पाठ वळली की परत नेऊन ठेवायची. का? तर आम्हा बापलेकींना कळलं असतं तर आम्ही आंबे चाचपून चाचपून त्यांची वाट लावली असती.

"तुझ्या आंब्यांपायी माझी शर्यत गेली!" मी म्हटलं.

ती म्हणाली, "माळ्यावरचे काय वेळेत होणार नायत. हे जायच्या आधी घरचा एक तरी आंबा खाऊन जाऊदेत, म्हणून ठेवले गो." आणि टोपली उचलायला वाकली.

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मला एकदम तिची फार माया आली. मी तिच्या हातातली टोपली घेतली, होती तिथेच परत लावली, गोणपाट नीट खोचलं आणि बाबांना म्हटलं, "बसा. खेळत राहायला हवं, नाहीतर ऊब कशी राहणार?"

"पेटी जळेल ना गो?" आईने विचारलं.

"मी इंजिनवाला आहे," बाबा म्हणाले. "फार तापली तर विश्रांती देऊ."

पुढचे दिवस काय मजेत गेले! गाड्या बैलगाडीच्या चालीने निघायच्या. वळण यायच्या आधी गप्पा मारून व्हायच्या. आणि इतके दिवस "मला नाय जमत, फार पळतं ते," म्हणणारी आई, ती चाल बघून स्वतःहून खुर्चीत बसली. पहिल्याच दिवशी तिने बाबांना हरवलं आणि पदर खोचून दुसरी शर्यत मागितली. पेटी तापली की आम्ही पंखा लावून तिच्याभोवती बसायचो, जसं तापाने फणफणलेल्या माणसाजवळ बसतात.

निघायच्या सकाळी आईने टोपली उघडली. आंबे पिवळेधमक झाले होते. बाबांनी कापायचीही वाट पाहिली नाही. उभ्यानेच एक चोखला, दुसरा चोखला, रस कोपरापर्यंत ओघळला आणि ते डोळे मिटून हसत राहिले. आई नुसती बघत होती. तेवढं सुखी मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे.

टोपली निघाली, जाळी मोकळी झाली. रिक्षा यायला थोडा वेळ होता. बाबा लुंगीला हात पुसून बसले. गाड्या सुसाट सुटल्या. मी शेवटपर्यंत त्यांच्या बोटावर नजर ठेवली. बोट बाणावरून हललं नाही आणि मी जिंकले, एका चाकाने.

"या वेळी सोडली नाय हां मी," ते म्हणाले.

"माहितेय," मी म्हटलं आणि त्यांच्या गळ्यात पडले.

संध्याकाळी मी एकटीच बाबांच्या बाणांवर खेळायला बसले, तर गाडी एकसारखी उजवीकडे जायला लागली. उजवा बाण आंब्याच्या रसाने चिकट झाला होता, दाबला की वर यायचाच नाही. आई ओलं फडकं घेऊन आली, बटणाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच परत गेली. मीही ते पुसलं नाही. बाबा परत येईपर्यंत आमच्या घरात सगळ्या गाड्या उजवीकडे जात होत्या.