दहाव्यानंतरचा चेहरा

विमानतळांवर हल्ली माणसाचा चेहरा पाहून आपोआप उघडणारी काचेची दारं असतात. त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यांच्याविषयी माझं मत वाईट आहे, पण त्याचं कारण मी नाही. मला त्यांनी कधी अडवलेलं नाही. अमरावतीच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या, कुणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या माणसाला कोणतंही यंत्र आनंदाने आत सोडतं. कारण आहे माझा साळा.

साळ्याचं गाव अकोटजवळ. घर माळ्यांचं. वांगी, पालक, सांभार, म्हणजे पुण्याच्या भाषेत कोथिंबीर. पहाटे काढायचं आणि अकोटच्या बाजारात नेऊन विकायचं, हे त्याच्या बापाने आयुष्यभर केलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात पाहुणे फार यायचे. मंत्री यायचे, अभ्यासगट यायचे, चॅनेलच्या गाड्या यायच्या. त्यांना एका ठरावीक प्रकारचं दुःख हवं असायचं आणि साळा त्यात बसत नव्हता. त्याच्यावर कर्ज नव्हतं. त्याच्या विहिरीचं पाणी फक्त आटलं होतं, आणि बोअर खोल नेली तेव्हा खारं पाणी लागलं होतं. ते प्यायला चालत नाही आणि पालकाला तर मुळीच चालत नाही. वाफे पांढरे पडले. कुणी फोटो काढायला आलं नाही.

मग तो नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात लागला. तिथे मन रमलं नाही आणि पगारही रमण्यासारखा नव्हता. शेवटी अकोटच्या एका ओळखीच्या माणसामार्फत तो आखातातल्या एका शहरात गेला, माळीकामाला. तिथे रस्त्यांच्या मधोमध फुलझाडं लावतात आणि समुद्राचं खारं पाणी गोड करून त्यांना घालतात. त्याने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, “भाऊजी, अठी फुलाले पानी हाये, अन् आपल्याकडे मानसाले नाई. काय करता?”

सासरे गेले तेव्हा तो तिथेच होता. सुट्टी मिळून गावी पोचेपर्यंत राख सावडूनही झाली होती. अग्नी चुलतभावाने दिला होता. साळ्याच्या वाट्याला उरला तो दहावा. आमच्याकडे बाप गेला की दहाव्याला मुलगा डोक्याचे केस आणि मिशी देतो. ‘काढतो’ म्हणत नाहीत, ‘देतो’ म्हणतात. नदीवर न्हावी बसलेला असतो.

साळ्याची मिशी हा आमच्या सासुरवाडीतला एक मान्यवर सदस्य होता. दाट, काळी, टोकांना किंचित वळलेली. डोक्यावरही भरगच्च केस. चुलता त्याला म्हणाला, “तू नौकरीवाला मानूस. एक बट कापली तरी चालते. भटजीले मी सांगतो.”

साळा पाटावर बसला आणि म्हणाला, “खांदा नाई देल्ला मी. आग नाई देल्ली. केस तरी देऊ द्या आता.”

मी कर्मकांडांचा चाहता नाही, पण न्हाव्यासाठी पाण्याचा तांब्या मीच भरून आणला. न्हाव्याने वस्तरा चालवला आणि पाटावरून एक वेगळाच माणूस उठला. त्याच्या मोठ्या मुलीने त्याला पाहून तोंड फिरवलं. वरचा ओठ इतका नागडा असू शकतो हे मलाही तेव्हाच कळलं.

सुट्टी संपत आली होती. तिथल्या सुपरवायझरने बजावलं होतं की शनिवारी सकाळी कामावर हजर नसलास तर तुझ्या जागी दुसरा येईल. बाहेर उभेच आहेत. यात धमकी नव्हती, माहिती होती. घरी बायको, दोन मुली आणि आता विधवा झालेली आई, या सगळ्यांचं जेवण त्या फुलझाडांवर उगवत होतं. माझी मुलगी त्याच शहरात राहते आणि किती दिवसांपासून या म्हणत होती. म्हणून मी त्याच विमानाचं तिकीट काढलं. अकोल्याहून रेल्वेने नागपूर, नागपूरहून विमान.

नागपूरला पासपोर्ट तपासणारा अधिकारी वयस्क होता. त्याने साळ्याचा पासपोर्ट उघडला, त्यातल्या मिशीकडे पाहिलं, समोरच्या टोपीकडे पाहिलं. “टोपी निकालो,” म्हणाला. साळ्याने टोपी काढली. डोक्यावर नुकतीच खुंटं येऊ लागली होती. अधिकाऱ्याचा आवाज खाली आला.

“पिताजी?”

“हो साहेब.”

त्याने शिक्का मारला आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. सरकारी माणसाला एखादी वस्तू दोन्ही हातांनी देताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

विमानात साळा जरा खुलला. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच त्याला माझी टिंगल करावीशी वाटली.

“भाऊजी, तुमी आता शिकलेले मानसं. पन उतरल्यावर रांगीत उभे राहान. आमी तिथले रहिवासी. आमाले गेट हाये. कार्ड लावलं, तोंड दाखवलं, दार उघडलं. मानूस मधात येतच नाई.”

“बरं.”

“तुमी येईपर्यंत मी भायेर चहा पिऊन राहीन.”

“माझ्यासाठी पण सांगून ठेव.”

“बिनसाखरेचा सांगतो. बाई रागावते नाई तं.” बाई म्हणजे त्याची बहीण, माझी बायको.

उतरल्यावरचा थाट वर्णन करण्यासारखा आहे, पण मी तो टाळतो, कारण असल्या थाटाचं वर्णन करणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगतो की आमच्या अमरावतीत मंत्री यायचा असला की रस्त्यावर कमान उभारतात, आणि ती कितीही ओंगळ असली तरी तिच्याखालून सायकलवालाही जातो. इथल्या कमानी काचेच्या होत्या, त्यांतून निळा उजेड येत होता, वर सोनेरी अक्षरांत, अनेक भाषांत ‘स्वागत’ लिहिलं होतं, आणि त्या बंद होत्या.

मी परदेशी पाहुण्यांच्या रांगेत उभा राहिलो. एका तरुणाने मला कॅमेऱ्यात पाहायला लावलं, माझ्या डोळ्यांचं जे काही घ्यायचं ते घेतलं आणि मला सोडून दिलं. मी पलीकडे जाऊन चहाच्या शोधात मान वळवली तेव्हा साळा मला काचेआड दिसला.

या दारांची रचना अशी असते की पहिलं दार उघडतं, माणूस आत जातो, ते त्याच्यामागे मिटतं, आणि यंत्राची खात्री पटली की पुढचं उघडतं. साळ्याचं पहिलं दार मिटलं होतं. दुसरं उघडलं नव्हतं. तो त्या चिंचोळ्या जागेत टोपी हातात धरून उभा होता. समोर लाल खूण लागली. त्याने मान वर केली. पुन्हा लाल. त्याने हसून पाहिलं. ते फार वाईट होतं. पुन्हा लाल. मग त्याने एक गोष्ट केली, जी मी विसरू शकलेलो नाही: टोपीचा काठ वरच्या ओठावर आडवा धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

गणवेशातली एक मुलगी आली, तिने मागचं दार उघडलं आणि त्याला बाजूच्या काचेच्या खोलीत नेलं. त्याने तिला माझ्याकडे बोट दाखवलं असावं, कारण थोड्या वेळाने मलाही बोलावलं.

आत गणवेशातला एक अधिकारी होता. तरुण, नीटनेटका, उर्मट नव्हता. उर्मट असता तर बरं झालं असतं. रागवायला कुणीतरी मिळालं असतं. त्याच्या पडद्यावर साळ्याचा जुना चेहरा होता, मिशीसकट.

“ये कौन है?” त्याने पडद्याकडे बोट करत मोडक्या हिंदीत विचारलं.

“मीच साहेब. मै.”

“मूंछ किधर?”

“दे दिया.”

“किस को दिया?”

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगू लागलो की आमच्यात वडील वारल्यावर मुलगा केस अर्पण करतो. अधिकाऱ्याने ऐकलं, मान हलवली. म्हणाला, समजलं, सहानुभूती आहे, पण सिस्टिमला हे दिसत नाही. मग त्याने साळ्याची बोटं काचेच्या पट्टीवर ठेवायला सांगितली. माती, खत आणि पाण्याची नळी यांनी त्या बोटांवर जे काही कोरलेलं होतं ते जवळपास पुसून टाकलं होतं. यंत्राने एक बोट ओळखलं, बाकीची नाकारली. एका बोटावर माणूस आत घेत नाहीत.

“भाऊजी,” साळा हळूच म्हणाला, “वापस पाठवते काय हे?”

“नाही पाठवणार.”

“उद्या शनिवार हाये.”

“माहीत आहे.”

“मी मीच हाये हे कसं सांगू याले? याले काहून समजून नाई राह्यलं? डोयानं दिसते ना मानूस!”

अधिकाऱ्याने विचारलं, मधल्या काळाचा एखादा फोटो आहे का? म्हणजे जुन्या चेहऱ्याचा नवा चेहरा होतानाचा?

होता. आमच्याकडे आता माणूस जळतानाही चित्रित करतात. दहाव्याला साळ्याच्या भाच्याने, माझ्याच मुलाने, न्हाव्यासमोर मोबाइल धरला होता. मला तेव्हा त्याचा राग आला होता. साळ्याने मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि भाच्याने पाठवलेली चित्रफीत लावली.

नदीचा काठ. वारा. न्हाव्याचा हात. सगळं दिसत होतं. अर्धं डोकं कोरं झालेलं, मिशी अजून जागेवर. मग न्हाव्याने नाक धरून ओठ ताणला आणि वस्तरा टेकवला. एक बाजू गेली. मागून कुणी बाई रडत होती. ती माझी बायको होती. अधिकाऱ्याने चित्रफीत थांबवली, बोटांनी चेहरा मोठा केला, पडद्यावरच्या फोटोशी ताडून पाहिला. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्याने सुरुवातीपासून लावायला सांगितली. अर्धी मिशी आली तेव्हा तो हसला. वाईट हेतूने नव्हे. अर्ध्या मिशीचा माणूस विनोदी दिसतोच. साळाही ओशाळून थोडा हसला, पाहुण्याच्या घरी हसतात तसा. मागे बाई रडतच होती. तिचा आवाज बारीक करावा हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

माझ्या सासऱ्यांचा दहावा त्या खोलीत तीन वेळा झाला.

चित्रफीत तिसऱ्यांदा पाहिल्यावर शेवटी त्यांची खात्री पटली. त्यांनी साळ्याला भिंतीसमोर उभं केलं आणि नवा फोटो घेतला. खुंटं आलेलं डोकं, उघडा ओठ, रात्रभर न झोपलेले डोळे. जुना चेहरा पुसला गेला. आता सिस्टिममध्ये तुम्ही असे आहात, अधिकारी म्हणाला, पुढच्या वेळी काही अडचण येणार नाही. त्याने चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं, आणि त्याच्या दृष्टीने ती तशीच होती.

शनिवारी सकाळी साळा कामावर हजर होता. फुलांना पाणी मिळालं. नोकरी टिकली आणि अजूनही टिकून आहे.

पुढच्या वर्षी तो गावी आला तेव्हा मिशी पूर्ववत होती. परतायच्या आदल्या दिवशी तो अकोटला न्हाव्याकडे गेला आणि डोकं-मिशी साफ करून आला. रस्त्यात भेटेल तो विचारू लागला, “कोन गेलं बाप्पा?” तो सांगायचा, कोणी नाही, विमानासाठी आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं, दुःखाने भ्रमिष्ट झाला.

मी त्याला समजावलं. म्हटलं, हे यंत्र मिशी वाढल्याने फारसं अडत नाही, तसं मी वाचलं आहे. अडलंच तर ते लोक पुन्हा फोटो घेतील.

“भाऊजी,” तो म्हणाला, “तुमी वाचलं, मी आत उभा होतो.”

सासूबाईंनी मात्र त्याला दारात पाहिलं आणि हातातलं सूप खाली टाकलं. बाप केव्हाच गेलेला. आता मुलगा डोकं-मिशी देतो ती कुणासाठी, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही.

“मी जित्ती हाये ना रे अजून?” त्या म्हणाल्या. “इतकी कायची घाई झाली तुले?”

त्याने यंत्राचं सांगितलं. सोनेरी अक्षरं, निळा उजेड, लाल खूण, सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. वाद घातला नाही. नातींच्या शाळेचा खर्च कुठून येतो ते त्यांना ठाऊक आहे. पण तो निघाला तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

तेव्हापासून दोघांनी एक तोडगा काढला आहे. त्याची सुट्टी संपायला आली की सासूबाई आदल्या दिवशी सकाळीच आपल्या भावाच्या गावी निघतात. तो त्यांना एसटीवर सोडायला जातो. गाडी लागेपर्यंत त्या त्याच्याकडे पाहत राहतात, मिशीवरून हात फिरवतात, मग चढतात. खिडकीतून पुन्हा पाहतात. गाडी वळणाआड गेली की तो न्हाव्याच्या दुकानाकडे वळतो.