फोटोतला कॅप्टन

शारजात पोरगी तापानं फणफणलेली, नर्स म्हणाली ॲडमिट करा, आणि मी घाबरून दवाखान्यात नवऱ्याच्या फोनची वाट बघत बसले, त्याला विचारल्याशिवाय कसं करू म्हणून. शेजारी वसईचे एक म्हातारे अंकल, मोबाइलवरचा जुना फोटो सारखा रुमालानं पुसत होते. कॉलेजच्या हॉस्टेलची फुटबॉल टीम, मधे कॅप्टन, पायाशी बॉल, त्यावर खडूनं साल लिहिलेलं.

"कॅप्टन मीच. त्या दिवशी घरून तार आलेली, आई सीरियस. म्हटलं, फोटो काढून निघतो. पोचलो तर सगळं खलास. बघ कसा हसतोय. तू कोणासाठी थांबलीस, बाय?"

मी पोरीला उचललं नि आत गेले. नर्स सुई लावत असताना नवऱ्याचा फोन वाजला. एक हात मोकळा होता, तरी घेतला नाही.