हिरवा ठिपका

आमच्या कामाचे तीनच शब्द आहेत: ढकला, ऐका, ओढा. निघोज्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही बायका गाड्यांची वायरिंग जुळवतो. वायरीच्या टोकाला पितळी पिन असते. ती प्लास्टिकच्या कपलरमध्ये ढकलायची, ‘टक्’ असा आवाज ऐकायचा आणि मग वायर हलकेच ओढून बघायची, म्हणजे पिन बसली की नुसतीच टेकली ते कळतं. सोळा वर्षं हेच केल्यावर हाताला खोड लागते. मी गॅसचं बटण बंद केलं की ओढून बघते, दाराची कडी लावली की ओढून बघते, डब्याचं झाकणसुद्धा सोडत नाही. “लग्नाच्या वेळी ही नोकरी नव्हती, नाहीतर नवराही ओढूनच बघितला असता,” असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, तर अख्खी लाइन हसत सुटली.

मग एका वर्षी आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी तिसरा शब्दच काढून टाकला. “टक् आवाज आला म्हणजे पिन बसली. ओढत बसू नका, दोन सेकंद वाचतात.” ट्रेनिंगचा कागद फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या. मी तोवर लाइनवरून तपासणीच्या टेबलावर गेले होते, म्हणून त्या कागदावर माझी सही सगळ्यात वर आहे. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझा तोरा बघून तुम्हाला वाटेल, ही बाई अगदी धुतल्या तांदळासारखी.

आमचा माल ज्या गाडीच्या कंपनीला जातो तिचा दरारा काय सांगू! एक पिन सैल निघाली तर दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून पाठवावा लागतो. त्यात ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा छापलेला असतो. पिन का निघाली? नीट बसली नव्हती. का बसली नव्हती? घाईत बसवली. घाई का होती? असं खणत खणत जायचं आणि पाचव्या उत्तराखाली ‘मूळ कारण’ नावाचा रकाना भरायचा. आमच्यातल्या एकीच्या चुकीचं मूळ कारण शोधताना साहेब एकदा तिच्या धाकट्या दिराच्या लग्नापर्यंत पोचले होते. कंपनीने तेही मान्य केलं. वर शेरा मारला, ‘पारदर्शकतेबद्दल आभार.’

तर त्याच वर्षी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी याच कंपनीची घेतली. आमच्याच वायरी होत्या ना आत! शोरूममधल्या मुलीने हौसेने लिंबू-मिरची आणली, तर माझे वडील तिला म्हणाले, “बाळ, ते राहू दे. आमच्यात नाही चालत.” वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून मशीनवर राबून रिटायर झालेले, जन्मभर सायकल आणि कंपनीची बस. गाडी आधी विहारात नेली, वंदना झाली, पेढे वाटले. काळेवाडीच्या गल्लीत शिरताना वडील मागच्या सीटवरून म्हणाले, “नजरबिजर काही नसतं. कारणाशिवाय काही घडत नाही. गाडीला काही झालं तर कारण विचारायचं. विचारायला लाजायचं नाही.”

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. लायसनच्या पहिल्या परीक्षेत चढावर गाडी मागे आली म्हणून नापास, दुसऱ्यांदा पास. सासर-माहेर दोन्हीकडे स्टेअरिंग धरणारी मी पहिली बाई. सकाळी तळवड्यावरून, नदी ओलांडून, स्वतःच्या गाडीने कामावर जाताना मला फार म्हणजे फारच भारी वाटायचं. त्यात लपवायचं काय?

आठ महिन्यांनी तळवड्याच्या चौकात गाडी चालता चालता बंद पडली. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, स्टेअरिंग दगडासारखं जड झालं, आणि मागे एक लांबलचक ट्रेलर. त्याचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, “ओ ताई, लायसन रेशनवर मिळालं व्हय?” दोन मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी सुरू, जशी काही गंमतच केली.

शोरूमच्या सर्व्हिसमध्ये नेली. तिथे एसी, सोफा, फुकटची कॉफी आणि समोर मोठी काच. काचेतून आपली गाडी दिसते, तिच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. हातात टॅब्लेट घेतलेला सर्व्हिसवाला आला आणि म्हणाला, “सॉफ्टवेअर अपडेट केलंय मॅडम.”

“कसलं?”

“लेटेस्ट.”

महिन्याभरात पुन्हा बंद पडली. या वेळी म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ असेल, पेट्रोल भरायचा पंप बदला. बदलला. तिसऱ्यांदा पडली तेव्हा आमचे हे सोबत आले. सर्व्हिसवाल्याने मला ओलांडून थेट त्यांनाच सांगितलं, “सर, गाडीत दोष नाहीये. मॅडमचं ड्रायव्हिंग हॅबिट आहे. क्लचवर पाय ठेवतात.” मी शेजारीच उभी होते हो! तिन्ही वेळा जॉब कार्डवर एकच मजकूर: ‘जनरल चेकअप. दोष आढळला नाही. गाडी धुतली.’ गाडी मात्र दर वेळी लखलखीत धुतलेली, खोटं कशाला बोलू.

आमचे हे ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहेत. मेकॅनिकलच्या लॅबची किल्ली आपल्याकडे असते म्हणजे मेकॅनिकलही आपल्याकडेच असतं, असा त्यांचा समज. “नाचता येईना अंगण वाकडं,” असं हसत म्हणाले आणि गाडीची चावी शर्टाच्या खिशात टाकली. मग जरा हळू आवाजात, “तुझ्या जिवापेक्षा गाडी मोठी आहे का? बसने जा.” त्यात माया होती, मी नाही म्हणत नाही. पण चावी गेली ती गेलीच. कित्येक महिने मी कंपनीच्या बसने गेले. आणि वाईट काय, तर हळूहळू मलाही ते पटलं. बसमध्ये खिडकीशी बसलेली असताना माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि मी त्या पायाला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

त्याच दिवसांत साहेबांनी कारखान्यात तिसरा शब्द गुपचूप परत आणला. “उद्यापासून पुन्हा ओढून बघायचं. आणि तपासलेल्या कपलरवर पिवळ्याऐवजी हिरवा ठिपका लावायचा.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. “पिवळा मार्कर संपला असेल,” एकजण म्हणाली. मी दिवसभर हिरवे ठिपके देत बसायचे. मी डावखुरी असल्यामुळे माझ्या ठिपक्याला बारीकशी शेपटी येते, त्यावरून सगळ्या मला चिडवतात.

पुढच्या सर्व्हिसिंगला हे गाडी घेऊन गेले. ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा मिळाली, जॉब कार्ड तेच, धुलाई तीच. रविवारी मी काच पुसायच्या टाकीत पाणी घालायला बॉनेट उघडलं. चालवायची बंदी होती, पाणी घालायला लायसन लागत नाही. आणि इंजिनाजवळच्या कपलरवर बघते तर हिरवा ठिपका. त्याला शेपटी.

मी पाण्याचा मग खाली ठेवला आणि पुन्हा वाकून बघितलं. ही गाडी जुळली तेव्हा ठिपके पिवळे होते. हिरवा म्हणजे गेल्या पाच महिन्यांतला माल. माझ्या गाडीची वायरिंग बदलली होती, आणि बदलणारे म्हणत होते की काहीच बदललं नाही. मग माझ्या पायाचा काय गुन्हा होता?

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि रिक्षाने सर्व्हिसमध्ये गेले.

“काहीच बदललेलं नाहीये मॅडम,” टॅब्लेटवाला म्हणाला.

“मग कपलरवर ठिपका कसला?”

“वॉशिंगवाल्यांनी लावला असेल.”

“तो मी लावलाय,” मी म्हणाले. “निघोज्यात. या हाताने.”

त्याने टॅब्लेट खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. “ताई, वरून आलंय. या मॉडेलची गाडी सर्व्हिसला आली की वायरिंग बदला, कस्टमरला बोलू नका, कार्डावर लिहू नका. कारण आम्हाला पण सांगत नाहीत, आईशप्पथ.” मॅडमची ताई झाले तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. पण लिहून दे म्हणाले तर पुन्हा मॅडम झाले. कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर मेल केला, त्याचं उत्तर तासाभरात आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

संध्याकाळी मी ह्यांना बॉनेटपाशी ओढत नेलं आणि विजयी मुद्रेने तो ठिपका दाखवला. म्हटलं, बघा, अंगणच वाकडं होतं! ह्यांनी वाकून बघितलं, नीट, चष्मा लावून.

“ही खूण तू केलीस?”

“हो मग!”

“पाच महिने रोज करतेस?”

“रोज.”

“मग पिवळ्याचा हिरवा का झाला, हे तू विचारलं नाहीस?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची? दोन सेकंद वाचवायच्या कागदावर सही माझी. पुन्हा ओढायला लावलं तेव्हा गप्प बसले तीही मीच. आणि त्या पाच महिन्यांत अशा किती गाड्या किती चौकांत बंद पडल्या असतील, आणि किती जणींना सांगितलं असेल की बाई, पाय तुझाच वाईट. मला स्वतःची लाज वाटली आणि रागही आला. राग जास्त आला, ते एक बरं झालं.

पंधरा दिवसांनी गाडीच्या कंपनीचा ऑडिटर आमच्याकडे आला. तो येणार म्हणजे आमच्याकडे घरात मुलगी बघायला येणार असल्यासारखी धावपळ असते. फरशी घासली, भाड्याच्या कुंड्या मांडल्या, कुणी काय उत्तर द्यायचं ते पाठ करून घेतलं. तो माझ्या टेबलाशी थांबला.

“हा हिरवा ठिपका कशासाठी?”

“तपासणी पूर्ण झाल्याची खूण, सर.” पाठ केलेलं होतं, सुटलं तोंडातून.

त्याने आमच्या साहेबांना विचारलं, “या कपलरची बाजारातून काही तक्रार?”

“शून्य, सर,” साहेब म्हणाले आणि भिंतीवरच्या तक्त्यातलं शून्य दाखवलं. मोठं, गोल, रंगवलेलं शून्य.

“एक आहे सर,” मी म्हणाले.

साहेबांचं बोट अजून त्या शून्यावरच होतं.

“कुणाची?”

“माझी. गाडी काळेवाडीत उभी आहे. चालता चालता तीनदा बंद पडली. तुमच्या कार्डावर ‘गाडी धुतली’ असं लिहिलंय.” आता थांबणं शक्य नव्हतं. “सर, तुम्ही आम्हाला पाच-पाच वेळा का विचारता. मी एकदाच विचारते. माझी वायरिंग का बदलली?”

लाइनवरच्या बायकांचे हात थांबले होते. ऑडिटरने वही मिटली. “मॅडम, ती माहिती गोपनीय आहे.”

“पिन सुटते आणि गाडी भर रस्त्यात मरते, यात गोपनीय काय आहे सर? तळवड्याच्या चौकात सगळ्यांनी बघितलंय.”

मिटलेली वही पुन्हा उघडून त्याने माझ्या गाडीचा नंबर लिहून घेतला, आणि तीन तारखा विचारल्या.

आठवड्याभरात माझी बदली तपासणीतून पॅकिंगला झाली. ‘अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून,’ असं पत्रात लिहिलंय. आता मी खोक्यांना चिकटपट्टी लावते आणि तीही ओढून बघते. मग काही दिवसांनी गाडीच्या कंपनीचं पत्र घरी आलं. माझ्या एकटीला नाही, त्या मॉडेलच्या सगळ्या मालकांना. ‘आपला प्रवास अधिक आनंददायी व्हावा यासाठी वायरिंगची मोफत तपासणी.’ अख्ख्या पत्रात पिन हा शब्द नाही, चूक हा शब्द नाही, माफी तर दूरच. मी ते वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, “कारण नाही लिहिलंय, पण गाड्या तर बोलावल्यात.” आणि मनापासून हसले.

त्याच रविवारी ह्यांनी चावी माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. आम्ही निघालो. हे डावीकडे बसले. पूर्वी दारावरची मूठ गच्च धरून बसायचे, आज हात मांडीवर होते. तळवड्याच्या चौकात सिग्नल लाल होता.

“माझं चुकलं,” हे म्हणाले.

मी कसली सोडते! म्हटलं, “का?”

“तुला गाडी जमत नाही म्हणालो.”

“का म्हणालात?”

“तो सर्व्हिसवाला म्हणाला.”

“त्याचं का ऐकलंत?”

“त्याच्या हातात टॅब्लेट होता.” आम्ही दोघंही हसलो.

“आणि माझं का नाही ऐकलंत?”

हे सिग्नलकडे बघत म्हणाले, “तू कुठे काय बोललीस? त्या दिवशी परत येताना तूच म्हणालीस, माझाच पाय पडत असेल क्लचवर.”

म्हणाले होते. ह्याच रस्त्यावर. मी तसं का म्हणाले, हा पाचवा ‘का’ आता उरला होता आणि तो विचारायला ह्यांच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. सोळा वर्षं मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या पिना ओढून बघत आले. त्या सर्व्हिसवाल्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात टक् करून बसलं, आणि ते मी ओढून बघितलं नव्हतं.