बिनफोडणीची आमटी
परवा कुणीतरी लॅव्हेंडरचा साबण दिला आणि माझं डोकंच फिरलं. २००५च्या सप्टेंबरात आई माझ्याबरोबर पहिल्यांदा अमेरिकेला दादाकडे गेली, तेव्हा त्यानं तिला आणि मला मिशिगनमधल्या नोव्हायहून, म्हणजे त्याच्या गावाहून, उत्तरेला, द्राक्षमळ्यातल्या भाड्याच्या घरी नेलं होतं. फ्रेंच व्हिला म्हणे! निळ्या झडपांच्या खिडक्या, आसपास ना घर ना माणूस, आणि खोलीखोलीत वाळलेल्या लॅव्हेंडरच्या जुड्या. पहिल्याच संध्याकाळी आईनं आमटीसाठी हिंग-मोहरीची फोडणी केली. मोहरी तडतडली तसा दादा धावत आला, त्यानं गॅस बंद केला, भराभर खिडक्या उघडल्या. "आई, प्लीज! पडद्यांना वास लागतो. काय म्हणतील ही माणसं आपल्याला?" ऐकायला मैलभर कुणी नव्हतं, तरी तो हळू आवाजात बोलला. आईनं फोडणी सिंकमध्ये ओतली. निघेपर्यंत तिनं आमटी आणि भाजी बिनफोडणीचीच केली. आमच्या घरी असा स्वयंपाक फक्त सुतकात होतो. दादा मात्र "वा, किती लाइट!" म्हणत पुन्हा वाढून घेत होता. मागच्या वर्षी आई गेली. दादा अमेरिकेहून विमानानं आला, पानावर बसला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "आमटीला फोडणी नाही?" मी म्हटलं, "सुतक आहे. तुला काय नवीन? तू तर हे जेवण तिच्याच हातचं जेवलायस, ती जिवंत असताना."