माणसं आली की स्क्रीन जाते

आमच्या घरात मोठ्यांपैकी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात होते. हॉटेल बंद पडलं आणि ते खोकला घेऊन गावाला परत आले. मग आई काजूच्या कारखान्यात जायला लागली. काजूच्या टरफलात चीक असतो. तो लागला की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. बायका हाताला राख लावून बसतात, तरी व्हायचं ते होतंच. आम्हा दोघा भावंडांना शिकवणं घराला झेपणार नव्हतं. दादाने दहावीनंतर शाळा सोडली, आणि मार्क बरे म्हणून मला पुढे पाठवलं. राजापूरला एसटीने ये-जा करून बारावी केली, मग रत्नागिरीत बी.एस्सी. आयटी. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी न विचारताही सांगते.

नोकरी लागली ती रत्नागिरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. ट्रेनी सर्व्हिस इंजिनिअर. ट्रेनी म्हणजे काम पूर्ण, नोकरी अर्धी. दुकानाचे मालक नाटेकर सर यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "फील्ड कॉल जमले तर कायम करतो. नाही जमले तर काउंटर आहेच." फील्ड कॉल म्हणजे गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन दुरुस्ती. काउंटर म्हणजे दिवसभर माऊस आणि कीबोर्डच्या किमती सांगत उभं राहणं. त्यासाठी मी शिकले नव्हते.

तर, जानेवारीत लांज्याच्या पुढून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे आमचे गिऱ्हाईक, काजू कारखान्याचे मालक, वय साठीच्या आसपास. दिवाळीनंतर त्यांनी आमच्याकडून नवा डेस्कटॉप घेतला होता. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नाटेकर, तुमचा टीव्ही परत गेला."

"अण्णा, टीव्ही नाही, मॉनिटर."

"जो काय असेल तो. काळा होतो आणि परत येतो. तिसरी वेळ ही. नवा म्हणून जुना माल दिलात की काय?"

फोन ठेवून सर माझ्याकडे बघायला लागले. आधीच्या दोन्ही वेळा मीच गेले होते.

पहिल्या वेळी जे करतात ते सगळं केलं होतं. मॉनिटर आणि सीपीयू यांना जोडणारी एचडीएमआय केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवायचं काम पाहणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला. मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघितलं, अर्थिंग बघितलं. समोर तासभर उभी राहिले. स्क्रीन एकदाही गेली नाही. मी निघाले, एसटीत बसले आणि अण्णांचा फोन. "आत्ता गेली. कोल्हापूरचा व्यापारी आला होता, त्याच्यासमोर गेली. लाज काढली."

दुसऱ्या वेळी मॉनिटरच बदलून दिला. त्याआधी सीपीयू दुकानात मागवून टेबलावर दिवसभर चालवला. काही नाही. परत नेऊन लावला आणि दुसऱ्या दिवशी फोन.

"हे बघ," सर म्हणाले, "अण्णा त्यांच्या दुसऱ्या युनिटसाठी आपल्याकडूनच मशीन घेणार होते. आता सगळं परत न्या म्हणतायत. उद्या शेवटचं जा. नाही सापडलं तर परवापासून तू काउंटरला बस, फील्डला मी दुसरा कोणीतरी बघतो. राग मानू नको."

राग नव्हता. कंटाळा होता. सापडत नाही अशा बिघाडाचा एक वेगळाच कंटाळा येतो. मोडलेली वस्तू समोर दिसली तर माणूस कामाला लागतो. इथे वस्तू धडधाकट आणि मी खोटी.

सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरले. पाठीवर टूलची बॅग, हातात सुटा मॉनिटर, आणि पुढे चढ. कारखान्याच्या शेडमध्ये बायका ओळीने काजू फोडत बसल्या होत्या. भाजलेल्या टरफलाचा वास मला लहानपणापासून ओळखीचा, तरी घशाला लागलाच.

अण्णांची केबिन त्या शेडच्या टोकाला. कॉम्प्युटरला एसी लागतोच, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून काचा बसवून, खाली गालिचा घालून, मोठा एसी लावून त्यांनी ती खास करून घेतली होती. आत गेलं की अंगावर काटा यायचा. मॉनिटरच्या कोपऱ्याला आता लिंबू-मिरची टांगलेली होती.

"हे काय, अण्णा?"

"आमच्या हिने बांधलं. तू हसू नको. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण मी बघून ठेवलंय. माणसं आली की स्क्रीन जाते. व्यापारी आला, गेली. देवळाचा गुरव आला, गेली. सरपंच आला, दोनदा गेली. आणि तू आलीस की शहाण्या सुनेसारखी गप्प बसते."

"म्हणजे मी माणसात नाही?"

"तसं नाय गो," अण्णा जरा वरमले. "पण हाय तसं सांगितलं."

कारखान्याचं बिलिंग सुनंदाताई करायच्या. दुपारी अण्णा जेवायला गेले की त्या याच कॉम्प्युटरवर बसायच्या. त्यांना विचारलं.

"माज्या वेळेला कंदी जात नाय," त्या म्हणाल्या.

"तुझं लक्ष कुठे असतं!" अण्णा म्हणाले.

"माजं लक्ष बिलावर. गेली असती तर बिल अडलं असतं. अडलं काय आजपरेंत?"

मी पुन्हा सगळं तपासलं. सुटा मॉनिटर लावला, जुना काढला, पुन्हा जुना लावला. टेबलाखाली शिरून केबल बघितली. ती लांब होती, म्हणून कुणीतरी गुंडाळी करून खुर्चीच्या बाजूला टेबलाच्या पायाला बांधून ठेवली होती. ती गुंडाळी मी दोन्ही वेळा बघितली होती आणि दोन्ही वेळा सोडून दिली होती. केबल नवी, टोकं घट्ट, काय बघायचं?

दुपार झाली. सुनंदाताईंनी आपलं स्टूल ओढून बिलं केली. त्यांच्या शेजारी उभी राहून मी बघत होते. स्क्रीन हलली नाही. डबा खायची इच्छा नव्हती. फाट्यावरून परतीची गाडी कधी, तेच मनात चाललं होतं. काउंटरवर उभं राहायचं तर चपला बदलाव्या लागतील, असलेही विचार येत होते.

अण्णा जेवून आले, आपल्या खुर्चीत बसले, मोबाइल बघत बसले. तेवढ्यात काचेचं दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री, जानेवारीतसुद्धा.

"गुरुजी!" अण्णा ताडकन उठले. खुर्ची मागे सरकली, अण्णा पुढे होऊन वाकले आणि त्यांनी नमस्कार केला.

स्क्रीन काळी झाली.

दोन-तीन सेकंद गेले असतील. परत आली.

"बघितलंस?" अण्णा वाकलेल्या अवस्थेतच ओरडले. "बघितलंस की नाय? म्हटलं नव्हतं?"

गुरुजी दारातच थबकले. "अरे, मी काय केलं? मी तर अजून बसलोपण नाही."

"तुम्ही नाही केलं, गुरुजी. तुम्ही बसा," मी म्हटलं. मी मॉनिटरकडे बघत नव्हते. मी खुर्चीकडे बघत होते. काळी, फिरणारी, उंच पाठीची, नवी कोरी. तिच्या बैठकीवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. इकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी काढत नाही. सोफ्याचं वर्षभर राहतं, टीव्हीच्या रिमोटचं जन्मभर.

"अण्णा, परत बसा."

"बसतो."

"आता उठा."

स्क्रीन होती तशी.

"परत बसा. जरा हला, रोजच्यासारखे सरकून बसा. आता पटकन उठा."

"मी काय आता उठाबशा काढू?"

"काढ रे," गुरुजी समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर टेकत म्हणाले, "शाळेत काय कमी काढल्यास? तेव्हा तर कान धरून काढायचास."

सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला. अण्णा बसले, सरकले, उठले. स्क्रीन काळी. परत आली. पुन्हा बसले, उठले. एकदा नाही गेली, पुढच्या वेळी गेली.

आता मला स्वतः करून बघायचं होतं. "अण्णा, मला तुमच्या खुर्चीत बसावं लागेल."

अण्णांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या खुर्चीत अण्णांशिवाय कुणीच बसत नव्हतं. सुनंदाताई मालकाची खुर्ची म्हणून स्टूल ओढायच्या. मी तीन वेळा आले, तिन्ही वेळा उभ्याने काम केलं. मला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि मीही मागितली नव्हती. आणि अण्णा उठायचे ते मोठ्या माणसासाठी. व्यापारी, सरपंच, गुरव, गुरुजी. दुरुस्तीला आलेल्या पोरीसाठी कोण उठणार? मी असेपर्यंत ते बसूनच बोलायचे, जेवायला उठले तेही सावकाश, म्हणून मी असेपर्यंत स्क्रीन कधी गेलीच नाही.

"बस," अण्णा शेवटी म्हणाले.

बसले, सरकले, उठले. दुसऱ्या खेपेला स्क्रीन गेली. डिग्री मिळाली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

बिघाड असा होता. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की त्यांच्यावर वीज साठते. तिला आम्ही स्टॅटिक म्हणतो. टेरिकॉटची पँट प्लास्टिकवर दिवसभर घासते आणि माणूस झटकन उठला की ती साठलेली वीज खुर्चीच्या लोखंडी दांड्यात ठिणगीसारखी उडते. डोळ्यांना दिसत नाही, अंगाला कळत नाही, पण जवळून जाणाऱ्या केबलला तिचा धक्का बसतो. केबलमधलं चित्र तुटतं. मॉनिटर गोंधळून काळा होतो आणि पुन्हा चित्र पकडतो. मशीन नवं होतं, मॉनिटर नवा होता आणि दोन्हीही निर्दोष होते.

मग हे मला आधी का सुचलं नाही? कारण आपल्याकडे कुणालाच सुचत नाही. रत्नागिरीतला इंजिनिअर आधी गंज शोधतो, मग व्होल्टेज. हवा एवढी दमट की बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तर संध्याकाळी बिस्किट वाकतं. दमट हवेत ही वीज साठत नाही. पण अण्णांनी काचा लावून, एसीचं तापमान पार खाली नेऊन केबिनमधली हवा कोरडी करून ठेवली होती. गालिच्याने उरलेलं काम केलं. कॉम्प्युटरची काळजी घ्यायला म्हणून जे जे केलं, तेच त्याच्या मुळावर आलं.

"म्हणजे एसीने बिघडला?" अण्णांना पटेना.

"एसी, गालिचा, प्लास्टिक आणि केबल. चौघांनी मिळून."

"प्लास्टिक पाडव्याला काढणार होतो. चांगला दिवस बघून."

"अण्णा, आज काढा. आजचा दिवस वाईट नाही."

"मळेल ना!"

"मळू दे रे," गुरुजी म्हणाले. "खुर्ची बसायला घेतलीस की पुजायला?"

प्लास्टिक सुनंदाताईंनीच कात्रीने टराटरा कापलं. मी गालिचा गुंडाळून बाहेर काढला, एसीचं तापमान वर आणलं, लांब केबल सोडवून टाकली आणि बॅगेतली आखूड, जाड आवरणाची केबल लावली. तिच्या टोकाजवळ एक गोल गठ्ठा असतो, तो असले धक्के अडवतो. मग अण्णांना बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. गुरुजी मोजत होते, शाळेतल्यासारखे. ते थांबायला तयार नव्हते. स्क्रीन एकदाही गेली नाही. शेवटी अण्णाच दमून म्हणाले, "पुरे. पटलं."

लिंबू-मिरची मी काढली नाही. ते माझं काम नव्हतं.

फाट्यावर गाडीची वाट बघताना सरांना फोन केला.

"काय होतं?"

"खुर्ची."

"कसली खुर्ची?"

सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्टात खुर्ची लिहू नको. मॉनिटरच्या कंपनीवाले हसतील. केबल बदलली, एवढंच लिही."

"केबल लिहिली तर उद्या दुसरीकडे असंच झालं की आपली माणसं केबलच बदलत बसतील, सर."

"बरं, लिही काय लिहायचं ते," ते म्हणाले. "पण आधी ये. इथे प्रिंटर घेऊन माणूस ताटकळलाय."

आलेल्या गाडीत बसायला जागा नव्हती. मॉनिटर पायांत धरून रत्नागिरीपर्यंत उभी आले.

तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायला मागते. तो रोज जिथे बसतो तिथे बसल्याशिवाय त्याचा बिघाड दिसत नाही. काही जण लगेच उठतात. काहींना आवडत नाही, चेहऱ्यावर दिसतं. मी तरी मागते.

अण्णांनी दुसऱ्या युनिटसाठी मशीन आमच्याकडूनच घेतलं. ते बसवायला मीच गेले. आणि त्या महिन्याअखेरीस सरांनी मला सर्व्हिस इंजिनिअर म्हणून कायम केलं.