हिरड्याच्या गोदामातली फिर्याद

ती घटना अजूनही डोक्यातून जात नाही. एरवी आरोपी कबूल झाला की पोलिसाचे काम हलके होते. इथे आरोपीने पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल केला आणि तिथूनच माझी डोकेदुखी सुरू झाली.

लढाईचे दिवस होते. फौजेच्या बुटांची कातडी कमावायला हिरडा लागे, त्यामुळे राजगडाखाली पालीजवळच्या एका जुन्या हिरडा-गोदामात कामाची धांदल होती. डोंगरातून आलेला हिरडा वाळवून लाकडी मोगरीने फोडायचे काम आसपासच्या शेतकरी घरांतल्या बायका करत. त्यांच्यावर एक मुकादम होता. मी त्या भागातल्या चौकीचा फौजदार. एका सकाळी हा मुकादम हाताला फडके गुंडाळून फिर्याद द्यायला आला. एका कामकरणीने मोगरी घालून त्याचे बोट मोडले होते.

"बाई लई तापट हाय, साहेब. काम सांगितलं की अंगावर येती."

बाईला बोलावले. विशीतली पोर, नवरा फौजेत गेलेला. सोबत सासू आली होती.

"मारलंस का?"

"व्हय, म्या मारलं."

"का?"

यावर तिने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. सासूच पुढे झाली. "साहेब, कोरटाची पायरी चढली तर उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई म्या हिला. आन् म्हायेरी तिचं कोनी न्हाई." पोरीच्या डोळ्यांतून पाणी आले.

आमच्या हवालदाराचे मत स्पष्ट होते. कबुली आहे, जखम आहे, कागद वर पाठवा आणि मोकळे व्हा. मला ते पटेना. तापट माणसे मी पुष्कळ पाहिली. मारून झाल्यावर त्यांना बोलायचे असते, न विचारता शंभर कारणे सांगतात. ही मुलगी तापट नव्हती, घाबरलेली होती. गोदामात जाऊन पंचनामा केला, तेव्हा बाकीच्या बायकांनीही एकच वाक्य ऐकवले, "आमी काय बगितलं न्हाई." सगळ्यांनी एकाच चालीत आणि मुकादमाकडे एक नजर टाकून. साक्षीदार असे बोलले की मी लिहिणे थांबवतो.

बाजाराच्या दिवशी कासार चौकीवर आला. बायकांना बांगड्या भरणारा म्हातारा, गावोगाव फिरणारा. परक्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा आमच्याकडे फक्त कासाराला असते, त्यामुळे बायका त्याला मामा म्हणतात. तपकिरीच्या डबीची उघडझाप करत तो म्हणाला,

"साहेब, धंद्याचं वंगाळ बोलू नये. पर त्या गोदामातल्या बाया माझ्याकडं सारख्या येत्यात. बांगडी वाढली की तशा हातानं घरी जायला भेत्यात. येकीच्या मनगटावर वळ बी हुते."

मी मुकादमाला या फुटलेल्या बांगड्यांबद्दल विचारले. तो हसला. "मोगरीचं काम हाय, साहेब. बांगड्या फुटनारच."

दुसऱ्या दिवशी न कळवता कामाच्या वेळी गोदामात गेलो. अंगणात बायका हिरडा फोडत होत्या. प्रत्येकीने बांगड्या कोपराकडे सारून वर चिंधी घट्ट बांधली होती. बांगडी फुटणे अशुभ, म्हणून मोगरी उचलण्याआधी हे करायचेच, अशी तिथली रीत. तिथूनच मुकादमाला चौकीवर आणले.

"बायका कामाला बसताना बांगड्यांचं काय करतात?"

"चिंदी बांधत्यात की."

"सोडतात कधी?"

"काम उरकल्यावर. वजन करायला आत येत्यात तवा."

"म्हणजे काम संपल्यावर तुझ्यासमोर मोकळ्या. मग फुटतात कशानं?"

तो दाराकडे बघू लागला. हवालदाराने दार लावून घेतले, एवढे काम मात्र त्याने न सांगता केले.

बायकांच्या जबान्या मी चौकीवर घेतल्या नाहीत. कासाराच्या पालावर, त्याच्या बायकोला शेजारी बसवून घेतल्या. तिथे तोंडे उघडली. मुकादम अंधाऱ्या गोदामात एकेकीला वजनाला बोलवायचा आणि हात धरायचा. हिसडा देऊन निघून जाणारीला दुसऱ्या दिवशी काम नसे. आमच्या आरोपीच्या हातात त्या दिवशी मोगरी राहिली होती, एवढाच फरक.

मुकादमावर गुन्हा दाखल झाला. मुलीने अब्रू राखायला हात उचलला, असा अहवाल मी दिला आणि तिच्यावरचे प्रकरण मिटले. गोदामवाल्याला बजावले की वजन यापुढे अंगणात, सगळ्यांसमोर, आणि बायकांवर देखरेखीला बाईच. तो कुरकुरला. मी म्हटले, कुरकुर लेखी द्या. ती काही त्याने दिली नाही.

हे सांगायला सासू-सुनेला बोलावले. सासू ऐकून खाली बसली.

"म्या बी हितंच कामाला हुते, साहेब. ह्योच मुकादम हुता तवा."

मला राग आला. "मग घरात घेणार नाही असं सुनेला का दरडावलंत?"

"तिनं गप ऱ्हावं म्हून. म्या गप ऱ्हायले, म्हून माजं घर टिकलं."

माझ्या नोकरीत मी दांडगट माणसे खूप पाहिली. ती स्वतःच्या जोरावर फार दिवस टिकत नाहीत. ज्याला त्रास होतो त्याला जवळचीच माणसे, त्याच्या भल्यासाठी, गप बसायला सांगतात, आणि त्या गप्प बसण्यावर हे दांडगट वर्षानुवर्षे निभावतात. त्यानंतर जिथे म्हणून चार माणसे एकाच्या हाताखाली राबताना दिसली, तिथे मी आधी जुन्या माणसांना बाजूला घेऊन विचारत आलो.

सुनेने सासूला हात देऊन उठवले. दोघी दारापर्यंत गेल्या. तिथून म्हातारी एकटीच परत फिरली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, माजी बी जबानी लिवून घ्या."