कूलरचा चेंडू आणि मामाजींचे मासे

मे महिन्यात आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात माशांच्या काचपेटीतलं पाणी दिवसाला दोन लोटे उडायचं. मासे माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे. रोज सकाळी पाणी भरायचे तेही तेच. शेजाऱ्यांवर भरवसा नाही, म्हणून ते माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला माझ्या माहेरी, मौद्याला, चार दिवस यायला तयार नव्हते. व्याही आले नाहीत तर माझ्या बाबांना फार लागलं असतं.

तेव्हा मी पंचविशीची. मॅट्रिकला विज्ञानात बरे मार्क पडले होते, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला कळतं असा समज. जुन्या कूलरच्या टाकीतला, नळी उघड-बंद करणारा तरंगता चेंडू काढला, पेटीत बसवला आणि नळी थेट गच्चीवरच्या टाकीला जोडली. पाणी उतरलं की चेंडू खाली येणार, नळी उघडणार. भरलं की बंद. ऐटीत भाजीला गेले.

परत आले तर चेंडू पाणवनस्पतीत अडकलेला, खोलीत घोट्याएवढं पाणी आणि मामाजी दिवाणाखालून मासा काढताहेत.

"काहून वं सूनबाई, माशायले घर दाखवून राहिली का?"

मी दोन दिवस मान वर केली नाही. मग लक्षात आलं: चेंडू कधीतरी अडकणारच. चूक त्याच्यामागे अख्खी टाकी ठेवण्यात होती.

पेटीतलं पाणी बारा लोटे उपसून कमी केलं. चेंडू त्या पातळीला बसवला, भोवती जुनी गाळणी बांधली. वर फळीवर गच्चीच्या टाकीऐवजी बादली, तिच्यात मोजून दहा लोटे शिळं पाणी. मग मामाजींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर चेंडू बोटानं दाबून धरला. बादली पार रिकामी झाली. पाणी काठाच्या खाली थांबलं.

त्यांनी वाकून काठ आणि पाण्यातलं अंतर बोटानं मोजलं. "अजून एकदा दाखव," म्हणाले. दाखवलं.

"बरं. माह्यं धोतर भर मग पेटीत. लोखंडी पेटीत, वं."

मांडवात मामाजी बाबांच्या शेजारी बसले, चारही दिवस. परतल्यावर चपला न काढताच आत गेले. मासे ठणठणीत, पाणी होतं तिथंच, बादलीत दोनेक लोटे शिल्लक. मला फक्त धोतराची पेटी उतरवायला सांगितली.

संध्याकाळी मात्र त्यांचे दोन मित्र आले. "आमच्या सूनबाईनं बसवलं हे," मामाजी सांगत होते, चेंडू दाबून दाखवत होते. तीनदा सांगितलं त्यांनी. मी दाराआडून तिन्ही वेळा ऐकलं. चहाला जरा उशीरच झाला.